अडतीसच्या आधी

आकडा अडतीस होता. तिनं चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला, तरी अडतीसच. शुक्रवार होता, पाचला दहा मिनिटं कमी होती आणि टायपिंगच्या खोलीत ती एकटी होती. शेजारच्या टेबलावरची बाई नुकतीच घरी गेली होती. तिच्या खुर्चीची दबलेली गादी अजून हळूहळू वर येत होती, आणि तिच्या पडद्यावर उघड्या राहिलेल्या रिपोर्टच्या कोपऱ्यात पेशंट म्हणून हिचंच नाव होतं. बघायचं नव्हतं. म्हणजे बघायचंच होतं, त्यासाठीच तर ती टेबल आवरायचं निमित्त करून मागे रेंगाळली होती. पण बघायचं नाही असा विभागाचा नियम होता, आणि तो बावीस वर्षांपूर्वी तिनंच डॉक्टरांना सुचवला होता. आपला किंवा आपल्या घरच्यांचा रिपोर्ट आपण टाइप करायचा नाही, उघडायचाही नाही. माणूस घाबरला की बोटं चुकतात, असं ती तेव्हा मोठ्या रुबाबात म्हणाली होती. आता बोटांचा काही प्रश्न नव्हता, नुसते डोळे होते. तिच्या पोटात गोळा आला, आणि लगेच त्या शब्दाचंच तिला हसू आलं. गोळा तर आधीपासूनच होता, तीन सेंटिमीटरचा, डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला. तसं लिहिलंच होतं.

डॉक्टर पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसत. सीटी स्कॅनच्या यंत्रानं काढलेले पेशंटच्या पोटाचे काप एकामागून एक सरकवत आणि बघता बघता हातातल्या छोट्या रेकॉर्डरमध्ये बोलत. ते बोलणं इकडे येई, कानाला हेडफोन लावून ही ते टाइप करी. बावीस वर्षं हेच काम. शेकडो माणसांची यकृतं आणि फुप्फुसं तिच्या कानातून आत शिरून बोटांतून बाहेर पडली होती. वाईट शब्द दिवसातून पाच-सात वेळा तरी यायचे आणि ती ते शुद्धलेखनाची एकही चूक न करता टाइप करायची. पोस्टमन कुठे प्रत्येक पत्राला रडत बसतो, असं ती नवऱ्याला सांगायची. सांगायचा मुद्दा हा, की त्या आकड्याचा अर्थ तिला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. यंत्र प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा देतं. पाणी म्हणजे शून्य. पाण्याहून जड ते शून्याच्या वर, पाण्याहून हलकं ते शून्याच्या खाली. हाड पार वर, हवा पार तळाला. आणि तीस-चाळीसच्या घरात मांस. मूत्रपिंडात मांसाची घट्ट गाठ निघाली, की पुढचा शब्द बहुतेक वेळा कोणता येतो, तेही तिला पाठ होतं. तो शब्द अजून आलेला नव्हता, एवढंच. रिपोर्टात होतं ते असं: गाठ घन, घनता पस्तीस. गाठीच्या मध्याजवळ एका बारीक ठिकाणी घनता अडतीस. कॅल्शियम नाही. निष्कर्ष, आणि निष्कर्षापुढे लिहिलं होतं, सोमवारी पातळ काप पाहून. डॉक्टर दुपारीच बाहेरगावी गेले होते, आणि बाहेरगावी गेले की ते फोन बंद करून ठेवत. शिवाय विचारणार काय? मी चोरून बघितलं, असं?

सगळं सुरू झालं होतं ते डाव्या कुशीतल्या एका फालतू दुखण्यावरून. चार महिने ती खुर्चीत उशी घेऊन बसत होती. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "ताई, रोज रोज कंबर धरून बसता, ते बघवत नाही. शुक्रवारी यंत्र रिकामं आहे, एकदा बघून टाकू. खडा-बिडा असेल." ती गेली, झोपली, श्वास रोखा म्हटल्यावर रोखला. यंत्रावरचा माणूस एरवी महाबडबड्या. झोपलेल्या पेशंटलासुद्धा विनोद सांगून हसवायचा आणि मग हलू नका म्हणून रागवायचा. आज सकाळी तो काचेआडून "झालं, ताई" एवढंच बोलला, आणि ती बाहेर आली तर तोंड फिरवून तारा गुंडाळत उभा होता. त्याचं ते फिरवलेलं तोंड आता तिला आठवलं. त्यानं बघितलं होतं तर. तिनं शेजारणीचा पडदा बंद केला, पंखा बंद केला, खोलीला कुलूप लावलं, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर आल्यावर आपण दिवा बंद केला की नाही हे आठवेना, म्हणून परत वर गेली. दिवा बंदच होता.

शनिवारी तिनं घर धुऊन काढलं. ज्या बाईला मनातलं सांगायचं नसतं ती घर धुते, हे नवऱ्याला तीस वर्षांत कळलं असणारच. पण तो बोलणाऱ्यातला नव्हता. त्याची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपांच्या खोलीत गेली होती. तिथं आवाज असा, की बोलणं म्हणजे घसा फुकट घालवणं. दिवसभर बोटांनी आणि मानेनं काम भागवून तो घरी यायचा, आणि घरीही हळूहळू त्याचे शब्द झिजत गेले. आधी वाक्यांची वाक्यं गेली, मग 'हो' आणि 'नको' गेले, शेवटी उरलं ते 'हं'. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी शब्द काही परत आले नव्हते. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. नव्या नवलाईच्या दिवसांत होती, पुढे अंगवळणी पडलं. त्याच्या 'हं'चे पाच प्रकार तिला माहीत होते. होकाराचा वेगळा, कंटाळ्याचा वेगळा, ऐकतोय पण लक्ष नाही हा तर सगळ्यांत ओळखीचा. टाइप करायचे झाले असते तर तिनं पाचही वेगवेगळे टाइप केले असते. तोच नवरा शनिवारी दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, तुला काय झालंय, ते मला सांगशील का?" आठ शब्द. तिच्या हातून फडकं गळून पडलं. आपण इतक्या वाईट दिसतोय का, असं तिच्या मनात आलं. "काही नाही हो," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की हे आपले शब्द नव्हेत, वडिलांचे आहेत.

काही नाही, काही नाही. ती एकोणीस वर्षांची होती आणि वडील दवाखान्याच्या व्हरांड्यात प्रत्येक भेटणाऱ्याला असं सांगत हिंडत होते. आई आत पलंगावर भिंतीला टेकून बसलेली. पलंगाचं एक चाक मोडकं, त्याच्याखाली जुन्या मासिकाची घडी सरकवलेली. आईनं उशीखालून कागद काढला आणि म्हणाली, "वाच. तुझे बाबा नीट वाचत नाहीत, नुसते ओठ हलवतात." तिनं वाचायला घेतला. आईचा अवयव, आईची मापं, आईचं वय. मग एक शब्द आला, 'पसरलेली', आणि तिनं तो गाळला. डोळ्यांनी उडी मारली आणि पलीकडच्या शब्दावर जाऊन उतरली. वाक्य जुळलं, काही बिघडलं नाही. आई ऐकत राहिली. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, "मधे थांबलीस का गं?" "अक्षर लागत नव्हतं." आईनं कागद घेतला, घडी करून उशीखाली ठेवला, आणि त्यानंतर जगली तेवढ्या अकरा आठवड्यांत एकदाही काही विचारलं नाही. ती पोकळी आईनं ऐकली होती. शब्द गाळला तरी त्याची जागा गाळता येत नाही, हे तिला तेव्हा कळलं, आणि त्याची शरम तिला अजून वाटे. पुढे टाइपिस्टची नोकरी लागली तेव्हा लोक म्हणाले, किती कंटाळवाणं काम. तिला मात्र हायसं वाटलं होतं. इथं ऐकलेलं सगळं लिहायचं, एक शब्दही गाळायचा नाही, आणि कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. आईची आठवण आली की मात्र तो पलंग आधी येई आणि त्यामागून, जरा उशिरा, धडधाकट आई. ती आई तिखट होती. पंधराव्या वर्षी उलट उत्तर दिलं की आई लाटणं आपटून म्हणायची, "फार चरबी चढलीय तुला. उतरवते थांब." पोरगी एवढी काटकुळी, कपडे अंगावर नुसते टांगलेले, तिला कसली चरबी चढणार, तरी आई तेच म्हणायची.

रविवारी जेवायला वन्सं आल्या. नवऱ्याची ही थोरली बहीण दोन बस बदलून महिन्यातून एकदा यायची आणि आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घ्यायची. एरवी ह्या गोष्टीचा तिला राग येई. आज बरं वाटलं. ती ताटावर बसली आणि समोरच्या बटाट्यांकडे बघत राहिली. आतल्या आत ती बेरजा-वजाबाक्या करत होती. सोमवारी निष्कर्ष, मंगळवारी शस्त्रक्रियेचा डॉक्टर, एक मूत्रपिंड काढलं तरी माणूस जगतो, तसे कितीतरी जगतात, तिनंच टाइप केलेत. पण पसरलं असेल तर. हा शब्द मनात आला की ती त्यावरून उडी मारायची आणि पलीकडे जाऊन उतरायची. "अजून बटाटे वाढू का रे?" वन्संनी भावाला विचारलं. तो म्हणाला, "म्." वन्संनी भरघोस दोन डाव वाढले. नवऱ्यानं ताटाकडे बघितलं, मग बायकोकडे, असहायपणे.

"त्यांना नकोयत, वन्सं," ती न बघताच म्हणाली.

"अगं, हं म्हणाला ना तो."

"ते हं नव्हतं. म् होतं. तोंड उघडलं की हो, ओठ मिटलेले असले की नको."

"जन्मापासून बहीण आहे मी याची," वन्सं म्हणाल्या, "मला कळायला नको?" आणि भावाकडे वळून, "तोंड उघडून बोलायला काय घेतोस रे? ज्याला माहीत नाही त्यानं ओळखायचं कसं?"

ती घास हातात घेऊन तशीच बसली. म्. ओठ मिटलेले. ज्याला माहीत नाही त्यानं ओळखायचं कसं. काहीतरी मागच्या बाजूनं येत होतं, आणि त्याच्याकडे वळून बघायचं तिला धाडस होत नव्हतं, कारण आशा ही वस्तू भारी वाईट. एकदा घरात घेतली की तिला बसायला जागा द्यावी लागते. तिनं घास खाल्ला. पाणी प्यायली. मग जेवण टाकून उठली आणि हात न धुताच मागच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली.

तिच्या डॉक्टरांचे शब्दही असेच झिजलेले होते. पहिल्या वर्षी ते 'मायनस' असं स्वच्छ म्हणत. मग पेशंट वाढले, घाई वाढली, आणि 'मायनस'चं 'माय्न' झालं, मग नुसतं 'मा', आणि गेल्या सात-आठ वर्षांत तर आकड्याच्या आधी मिटल्या ओठांतून निघणारा एक बारीक आवाज, इतकंच उरलं. म्-वीस. म्-शंभर. तिचं बोट तो आवाज ऐकून आपोआप त्या आडव्या रेघेच्या बटणावर जायचं. इतकं आपोआप, की आपण काही ऐकतो आणि त्याचं काही करतो, हे तिचं तिलाच माहीत उरलं नव्हतं. आणि तिचा रिपोर्ट तिनं टाइप केला नव्हता. तो केला होता कोर्टवालीनं. शेजारच्या टेबलावरची ती बाई तीनच आठवड्यांपूर्वी कोर्टातली पंधरा वर्षांची टायपिंगची नोकरी सोडून इथं आली होती, म्हणून सगळे तिला कोर्टवाली म्हणत. कामाला एक नंबर, बोटं म्हणजे पाऊस. तिला सगळं शिकवलं ते हिनंच: अवयवांची नावं, डॉक्टरांची भांडखोर जोडाक्षरं, मशीन अडकलं तर कुठे थोपटायचं. डोळ्यांत तेल घालून शिकवलं होतं. पण म्? म् शिकवलाच नव्हता. जे आपल्याला ऐकूच येत नाही ते शिकवणार कसं? आणि कोर्टवाली पहिल्याच दिवशी अभिमानानं म्हणाली होती, "ताई, साक्षीदार काय खोकतात, काय खाकरतात! आम्ही तेवढं गाळतो. कोर्टात खोकला टाइप करत नाहीत."

मग तिनं त्या दोन वाक्यांचा विचार केला. पंचवीस वेळा केला. गाठीची घनता पस्तीस. मध्याजवळ एका बारीक ठिकाणी अडतीस. पस्तीस आणि अडतीसमध्ये फरक तो काय? डॉक्टर मोजून-मापून बोलणारा माणूस. सगळी गाठ पस्तीसची असताना एका ठिपक्यावर माप घेऊन अडतीस म्हणून सांगायला त्यांना काय वेड लागलंय? ठिपका वेगळा असला तरच ते तिथे थांबणार. आणि तो शून्याखाली अडतीस असेल, तर ती चरबी. मूत्रपिंडातल्या घट्ट गाठीत चरबीचा एवढासा कण सापडला, की ती गाठ बहुतेक वेळा साधी निघते, हेही तिनं टाइप केलेलं होतं. क्वचित. बावीस वर्षांत अशा चरबी लपवून बसलेल्या गाठी तिच्या हाताखालून गेल्या असतील तर अकरा-बारा. बारा म्हणजे फार नाहीत. आणि कदाचित त्या दिवशी डॉक्टर नुसतेच खाकरले असतील. माणूस खाकरतोही. ती परत बाहेर आली, हात धुतले, आणि वन्संनी आवरून ठेवलेलं सगळं स्वयंपाकघर पुन्हा एकदा आवरलं.

सोमवारी ती अर्धा तास आधी पोचली तर कोर्टवाली तिच्याही आधी येऊन बसली होती. यंत्रावरचा माणूस व्हरांड्यात गालाला रुमाल लावून उभा. गाल टम्म सुजलेला. "दाढ," तो कसाबसा म्हणाला, "शुक्रवारपासून. तोंड उघडवत नाही." तिनं त्याच्याकडे अशा काही प्रेमानं बघितलं की तो बिचारा गोंधळला. मग ती आत गेली, कोर्टवालीच्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मी शुक्रवारी माझा रिपोर्ट बघितला. नियम मोडला. आता अजून मोडते. मला ते बोलणं ऐकव." कोर्टवालीनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हेडफोन काढून दिले. ते अजून तिच्या कानांनी गरम होते. आत डॉक्टरांचा ओळखीचा, पडशाचा आवाज सुरू झाला. डावं मूत्रपिंड. खालचं टोक. तिनं डोळे मिटले. आपलं शरीर कुणीतरी मोजतंय, आणि आपण इथं दाराआड उभं राहून ऐकतोय, असं तिला वाटलं. घनता पस्तीस, डॉक्टर म्हणाले. पस्तीसच्या आधी काही नव्हतं, स्वच्छ शांतता होती. मध्याजवळ एका बारीक ठिकाणी घनता, आणि मग ते थांबले. श्वास घेतला असेल. खुर्ची करकरली. आणि मग आला, अगदी मिटल्या ओठांचा, छोटासा, तिच्या बावीस वर्षांच्या ओळखीचा: म्. अडतीस.

तिनं परत ऐकलं. परत ऐकलं. चौथ्यांदा तिनं एक हेडफोन कोर्टवालीच्या कानाला लावला.

"इथे. ऐकलंस?"

"खाकरले ते."

"नाही. मायनस म्हणाले."

"ताई, हा मायनस?" कोर्टवालीनं पुन्हा ऐकलं आणि तिचा रंग उतरला. "अहो, म्हणजे मी तीन आठवडे... "

"चूक माझी आहे. मी तुला शिकवलंच नाही. आधी या तीन आठवड्यांतले सगळे रिपोर्ट काढ, दोघी मिळून पुन्हा ऐकू."

डॉक्टर नऊला आले. पातळ काप बघायला त्यांना दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं ती त्यांच्या दाराबाहेर, पेशंटांच्या बाकावर, दोन अनोळखी माणसांच्या मधे बसून राहिली. इतकी वर्षं ह्या बाकाच्या बाजूनं ती जा-ये करत होती आणि तो इतका कडक आहे हे तिला माहीत नव्हतं. मग आतून हाक आली. पडद्यावर तिच्या पोटाचा काप होता, करडा, आणि करड्या गाठीत तिळाएवढा काळा ठिपका.

"हे बघा, ताई. इथे, आणि पातळ कापात हा दुसरा. चरबी आहे. अँजिओमायोलायपोमा. तुम्हाला स्पेलिंग सांगायला नको. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांचं गाठोडं, बाकी काही नाही. चरबी इतकी थोडी असली की चकवतं माणसाला. साधी गाठ आहे. सहा महिन्यांनी परत बघू, वाढली तर विचार करू. काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि मग स्वतःलाच थांबवून म्हणाली, "नाही, झालं. दोन दिवस मी अधिक अडतीसवर काढले, डॉक्टर. तुमचा मायनस ऐकू येत नाही."

"मी तर स्पष्ट म्हणतो," डॉक्टर म्हणाले, खरोखरच दुखावून. "म्-अडतीस. हे बघा. म्-अडतीस." ते थांबले, त्यांनी स्वतःचे मिटलेले ओठ बोटांनी चाचपून बघितले. तिला हसू आवरेना. ती हसत हसत खाली बसली, आणि बसता बसता तिला आई दिसली, पलंगावरची नव्हे, लाटणं हातात घेतलेली. फार चरबी चढलीय तुला. चढलीय गं बाई, चढलीय, ती मनात म्हणाली, आणि चढली म्हणून वाचले. हसण्याचं रडू कधी झालं ते तिला कळलं नाही. डॉक्टरांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि रेकॉर्डर उचलून, शाळेतल्या मुलानं शब्द फोडावा तसं फोडून, म्हणाले, "दुरुस्ती. घनता, मा-य-न-स, अडतीस."

ती रेघ तिनं मारली नाही. नियम तो नियम. कोर्टवालीच्या मागे उभी राहून तिनं बघितलं: अडतीसच्या आधी जागा झाली, आणि त्या जागेत एक आडवी, कडधान्याच्या दाण्याहून लहान रेघ आली. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं खिडकीशी जाऊन घरी फोन लावला आणि शुक्रवारपासूनचं सगळं नवऱ्याला सांगितलं. गाठ सांगितली, आकडा सांगितला, घर का धुतलं ते सांगितलं, शनिवारी काही नाही म्हटलं ते खोटं होतं हेही सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तिचं बोलून झालं तरी पलीकडे शांतता होती, इतका वेळ की फोन कटला असं तिला वाटलं. "अहो?" ती म्हणाली. तेव्हा तिकडून एक आवाज आला, ओठ मिटलेलेच होते, पण तो नकाराचा नव्हता, त्या पाचांतला कुठलाच नव्हता. तिनं फोन कानाशी घट्ट दाबून धरला. कोर्टवालीनं तिथं काहीच टाइप केलं नसतं.